ताम्हनातली नोझलं

कामावर प्रभाकरइतका चिकित्सक मेकॅनिक अख्ख्या वसाहतीत नव्हता. डासांची फवारणी करणारी जीप बिघडली, की आधी इंजिन बंद, मग कॉक उघडून पंपातला दाब सोडायचा, मग रबरी हातमोजे, आणि मगच पान्याला हात. अष्टमीला एका बाजूचा फवारा बंद पडला. ड्रायव्हर गजानन तुंबलेलं नोझल स्टोव्हच्या बर्नरसारखं तोंडाने फुंकायला निघाला, तर प्रभाकरने त्याचा हातच धरला. "अरे यार, विष आहे ते! मरायचंय का?"

आणि घरी? घरी हा शहाणा आईला सांगून बसला होता की आपण पाणीपुरवठ्यात आहोत. भोपाळच्या गॅसला तेव्हा तीनच वर्षं झाली होती. नागपूरहून राहायला येताना आईने, कमलिनीबाईंनी, एकच अट घातली होती, की औषधाच्या टाकीजवळचं काम करायचं नाही. "पाण्याचे पंप बघतो मी," म्हणाला, आणि तेच चालू राहिलं. "सांगून टाका हो एकदा," असं त्याची बायको शालिनी किती वेळा म्हणाली. याचं आपलं "सांगू, सांगू."

त्या दिवशी शेडच्या नळाला पाणी नव्हतं, स्टोअरला दसऱ्याची सुट्टी लागलेली, आणि क्वार्टरांतून मलेरियाचे पेशंट वाढल्यामुळे साहेब डोक्यावर बसलेले. मग काय, प्रभाकरने नोझलं आणि त्यांच्या गाळण्या पिशवीत बांधून घरी आणल्या. मागच्या अंगणात डब्यात साबणाच्या पाण्यात भिजत घातल्या आणि वर वीट ठेवली. तिथे कोण हात लावतंय, असं त्याला वाटलं. सकाळी तो वॉशर शोधायला बाजारात गेला.

दुपारी परतला तर शालिनी दारातच उभी. "भाजी घेऊन आले तर आई आडव्या झालेल्या. घाम काय सुटलाय, मळमळतंय. नऊ दिवसांचे उपास, दुसरं काय! लिंबूपाणी देते."

"झोपू दे जरा," म्हणत प्रभाकर आत आला आणि देवघरापाशी थबकला.

ताम्हनात त्याची नोझलं मांडलेली होती. चिंचेने घासून लखलखीत केलेली, वर कुंकू आणि झेंडूचं फूल. आज खंडेनवमी, हत्यारांच्या पूजेचा दिवस. नागपूरला आई दरवर्षी वडिलांची करवत आणि रंधा पूजायची. इथे लेकाची हत्यारं डब्यात लोळत पडलेली तिला कशी बघवणार? गाळण्यांत चिकटलेलं दाट औषध तिने उघड्या हातांनी खरवडून काढलं होतं. शेजारी वाटीत त्यांना अंघोळ घातलेल्या पाण्याचं तीर्थ होतं.

त्याने वाटीकडे बोट दाखवलं. "हे कोणी घेतलं?"

"त्यांनी घेतलं असेल. तुमचं ठेवलंय म्हणाल्या."

खिशातले हातमोजे चढवून त्याने आईचे हात साबणाने धुतले, शालिनीने त्यांचं लुगडं बदललं. आईच्या तोंडातून लाळ गळत होती. शेजारच्या मोहनरावांच्या गाडीतून त्यांनी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. "काय पोटात गेलंय?" त्यांनी विचारलं. प्रभाकरने औषधाचं नाव सांगितलं. ते त्याला तोंडपाठ होतं. इंजेक्शनं सुरू झाली, आणि बाहेर बाकावर तो स्वतःला शिव्या देत बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी आई नीट बोलू लागली. पहिलं काय विचारावं? "तीर्थ घेतलंस का रे?"

घेतलं म्हणाला असता तर सुटला असता. शालिनी त्याच्याकडे बघत होती.

"नाही आई. ते विष होतं. मी पाण्याच्या पंपावर नाही, फवारणीवर आहे. पहिल्यापासून."

आता ती तोडून बोलेल, नागपूरचं तिकीट काढ म्हणेल, असं त्याला वाटलं. पण सलाईन नसलेल्या हाताने तिने त्याचा पंजा ओढून घेतला, उलटा केला, बोटं एकेक करून पाहिली, आणि नाकाशी नेऊन वास घेतला.

"तू रोज यातच हात घालतोस?"

"हातमोजे असतात, आई."

हे मात्र खरं होतं. पण आईने हात सोडला नाही.