सातव्या पायरीवरचा टेप

शिवणकाम करणाऱ्या बाई दुपारी दुकानात आल्या. छातीशी दोन्ही हातांनी धरलेला टेपरेकॉर्डर त्यांच्याहून जड वाटत होता. दोन स्पीकर, वर मूठ, मधे कॅसेटचं झाकण आणि झाकणाखाली आवाजाबरोबर नाचणाऱ्या दोन सुया. असले सेट मी तरुणपणी शेकड्याने उघडले. आता वर्षातून एखादा येतो.

"आवाज नाही," बाई म्हणाल्या. "म्हणजे याला नाही की मलाच येत नाही, ते आधी सांगा. माझे कान उतरणीला लागलेत."

मी बटण दाबलं. कॅसेट फिरू लागली, सुया थरथरल्या, स्पीकर मात्र ढिम्म.

"तुमचा दोष नाही," मी मोठ्याने म्हणालो. "हाच मुका झालाय."

"मग बोलता करा. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात उरलेसुरले कानही जातील."

आतली कॅसेट आधी बाहेर काढायची आणि आपली जुनीपुराणी घालून तपासायचं, हा माझा नियम. पण झाकण गच्च बसलं होतं. जोर लावला तर तुटलं असतं. म्हटलं, आधी आवाज बघू, झाकणाचं नंतर. तिथेच मी चुकलो.

बाई स्टुलावर बसल्या. मी मागचे स्क्रू काढत होतो तोवर त्यांनीच सांगितलं. सेट त्यांच्या थोरल्या बहिणीचा. ताई वरच्या खोलीत राहायची, या खाली, मधे जिना आणि जिन्याच्या पायथ्याशी दार.

"शेवटची दोन वर्षं ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. कारण विचारू नका, कारण मीच होते. पण याच्याशी बोलायची. मला कुजबुज ऐकू यायची, शब्द कळायचे नाहीत. ती गेली तेव्हा ही कॅसेट यातच होती. माझ्याबद्दल काय म्हणायची, तेवढं ऐकायचंय. शिव्या असल्या तरी चालतील."

"शिव्या असतील तर आवाज कमी करू," मी म्हणालो.

"माझ्यासाठी वाढवावाच लागेल," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या.

मी कामाला लागलो. माझी एक सवय आहे. माझ्या उस्तादांना लिहिता-वाचता येत नव्हतं, मलाही नव्हतं. मग काय तपासलं ते विसरू नये म्हणून प्रत्येक पायरी ते तोंडाने म्हणायला लावायचे. पन्नाशी उलटल्यावर मी अक्षरं शिकलो, पण हात चालू झाला की तोंड आजही चालू होतं.

"सेल चांगले आहेत," मी म्हणालो. "पट्ट्यांवर गंज नाही. वीज पोचतेय. आता स्पीकर." स्पीकरच्या तारांना एक सेल टेकवला. टक्. "स्पीकर जिवंत आहे. हेडफोनचं भोक साफ केलं, तिथेही काही अडकलेलं नाही. मग आवाज अडतोय तरी कुठे?"

कॅसेट फिरतच होती. सुया हलत होत्या म्हणजे टेपवरचा आवाज सुयांपर्यंत येतोय आणि स्पीकरपर्यंत जात नाही, असा माझा हिशेब होता.

"मिस्त्री," बाई हळूच म्हणाल्या. ऐकू कमी येणारी माणसं डोळ्यांनी जास्त बघतात. "तुम्ही बोललात की सुई उडते."

"योगायोग असेल."

"आता पुन्हा उडाली. आणि तुम्ही गप्प झालात की जरा थांबून परत उडते. कोणीतरी उत्तर दिल्यासारखी."

मी सुयांकडे बघितलं आणि खाकरलो. दोन्ही सुया टुणकन उभ्या राहिल्या. पडल्या. मी श्वास रोखला. बाईंनीही रोखला. दुकानाचं काचेचं दार बंद होतं, रस्ता सुस्त पडला होता. तीन-चार क्षण गेले आणि सुया पुन्हा उठल्या, सावकाश. दोनदा. मी सेटच्या माइकच्या जाळीवर अंगठा दाबून धरला. तरीही उठल्या.

माझ्या मानेवरून गार काहीतरी सरकलं. पण दुसऱ्याच क्षणी त्याहून वाईट गोष्ट डोक्यात शिरली आणि मी झडप घालून सेट बंद केला.

माझ्या बोलण्यावर सुई उडतेय म्हणजे सेट माझं बोलणं घेतोय. आत एक लांबट सरकता खटका असतो. रेकॉर्डचं बटण सोडलं की स्प्रिंग त्याला ऐकवायच्या बाजूला ओढते. गंजून तो भरायच्या बाजूलाच अडकला होता. सेट ऐकवत नव्हता, भरत होता. दहा-बारा मिनिटं मी ताईंचे शब्द पुसत होतो आणि वर माझी बडबड चढवत होतो.

खोटं बोलणं सोपं होतं. कॅसेट जुनी होती, खराब झाली, एवढं म्हटलं असतं की संपलं. पण बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी सगळं सांगितलं.

त्यांनी कॅसेटच्या झाकणावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "ताईला मधे बोललेलं कधी खपायचं नाही. काय उरलंय ते लावा."

खटका साफ करून, चार वेळा मागेपुढे करून मोकळा केला. टेप मागे घेतला. आवाज पूर्ण वर.

माझाच घोगरा आवाज आला. "तुमचा दोष नाही. हाच मुका झालाय." बाईंनी डोळे मिटले. पुढे बाईंचं बोलणं, मग सेल, पट्ट्या, स्पीकर. आणि मधल्या फटीत, फार खाली, विहिरीतून यावा तसा बाईमाणसाचा आवाज. टेपवरचं जुनं पुसणारा हेड मळलेला असला की खालचं थोडं शिल्लक राहतं, हे मला ठाऊक आहे. पण शिल्लक राहिलेलं असं वेळेवर बोलत नाही.

"वीज पोचतेय," मी टेपवर म्हणालो.

"पोचतेय," ती म्हणाली.

"स्पीकर जिवंत आहे."

यावर ती हसल्यासारखी वाटली.

"मग आवाज अडतोय तरी कुठे?"

"जिन्यात. रोज उतरते. सातव्या पायरीपर्यंत येते. दार ठोठावावं म्हणते. होत नाही."

"काय म्हणतेय?" बाईंनी माझा दंड धरला. "ओठ हलताहेत तुमचे. काहीतरी ऐकताय. मला काही येत नाही हो."

मी एकेक शब्द त्यांच्या कानाशी सांगितला. माझ्याकडून काही मिसळलं नाही.

तेवढ्यात टेपवर माझं बोलणं संपलं. सेट बंद केला होता ती जागा खट्कन गेली आणि पुढे न पुसलेला टेप सुरू झाला. खणखणीत, अख्खं दुकान भरून शिलाई मशीन चालत होतं.

हे बाईंनी ऐकलं. त्या ताडकन उभ्या राहिल्या.

"हे माझं मशीन! दोरा गुंतला की असंच अडखळतं. हे खालच्या खोलीत असतं, वर एवढं ऐकू जात नाही." त्यांनी स्पीकरच्या कापडावर तळवा ठेवला. "दाराला लागून बसलीय ती. जिन्यावर. सेट मांडीवर घेऊन."

टेपवरचं मशीन थांबलं. कोणीतरी श्वास रोखल्याची शांतता. मग लाकडाची लांबलचक करकर आणि वर जाणारी पावलं.

"सातवी पायरी. दारापाशची, शेवटची," बाई म्हणाल्या. "सुतार म्हणाला होता, वजन पडल्याशिवाय वाजत नाही. मला ती करकर ऐकू यायची, मिस्त्री. वाटायचं, माझ्यावर पाळत ठेवतेय. मग मी मशीन बंद करून गप्प बसायची, ती जाईपर्यंत."

मी सेट बंद केला. झाकण आता आपोआप सुटलं होतं. कॅसेट त्यांच्या हातात दिली. सेट त्यांनी नको म्हटलं.

"राहू द्या तुमच्याकडे. याचं काम झालं."

दारापाशी त्या वळल्या. "एक विचारू? रिकाम्या जिन्याची पायरी वाजू शकते का? रोज संध्याकाळी? लाकूड सुकतं, तसं काही?"

"कधीपासून वाजतेय?"

"ती गेल्यापासून. एक दिवस चुकलेला नाही."

माझ्या उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. कान जायच्या आधीच्या संध्याकाळी त्यांना मोजून वापरायच्या होत्या.

"आज मशीन थांबवणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि जिन्याचं दार उघडं ठेवते."