दाताचे गहू

अर्पीच्या तोंडात काय गेलं नव्हतं ते विचारा. बापाची चप्पल, कपड्यांचा चिमटा, मोरीचं बूच, शेजारच्या मांजराची शेपटी. मागच्या रविवारी चर्चमध्ये तर तिने खुद्द पाद्रीबाबांच्या गळ्यातला क्रूस चोखला. पाद्रीबाबा हसले. तिची आजी वेर्झिन मात्र हसली नाही.

"माझी तीन पोरं वाढली या घरात," परत येताना ती सुनेला म्हणाली. "एकानेही कधी काही गिळलं नाही."

"तुम्ही त्यांना पलंगाच्या पायाला बांधून ठेवत होतात, आई," नाझेली म्हणाली. "बार्केवनेच सांगितलंय मला."

वेर्झिनचा खरा राग पोरीच्या तोंडावर नव्हताच. तो होता स्वयंपाकघरामागच्या खोलीतल्या मेजावर. त्या मेजाशी बसून नाझेली अंगठ्यांत नि कुड्यांत खडे बसवायची. ही विद्या तिने बापाकडून घेतली होती, आणि बुर्ज हम्मूद वस्तीतल्या आमच्या गल्लीतले निम्मे सोनार अवघड काम तिच्याकडेच पाठवायचे. सून घरात असून नसल्यासारखी, हे सासूच्या डोळ्यांत खुपायचं. त्यात एकदा अर्पीच्या लंगोटात मसुराएवढा लाल खडा सापडला. पोरीला काही झालं नाही, खडा आपल्या वाटेने बाहेर आला होता. पण संध्याकाळपर्यंत ती बातमी पार कोपऱ्यावरच्या पावाच्या भट्टीपर्यंत पोचली होती.

नाझेलीचा नवरा बार्केव मनाने वाईट नाही, पण आईसमोर त्याचा कणा मऊ पडतो. तो म्हणाला, "पुन्हा एकदा असं काही झालं, तर ते मेज बंद. अर्पी शाळेत जाईपर्यंत."

"आणि तुझं दुकान?"

"माझ्या दुकानाचा इथे काय संबंध?"

"पोर तुझीही आहे, म्हणून विचारलं."

तरी शब्द काही त्याने मागे घेतला नाही.

नाझेली रडत बसली नाही. गुडघ्यांवर रांगत तिने सगळं घर पालथं घातलं, कारण पोरीला काय दिसतं ते उभ्याने कळत नाही. मेजाच्या खोलीच्या दाराला आडवी फळी ठोकली. मग कागदी रुमालांच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी घेतली. नळीतून जाईल ती वस्तू कपाटावर, न जाईल ती जमिनीवर. वेर्झिनच्या औषधाच्या गोळ्या, बटणं, किल्ल्या, सगळं वर गेलं. "आता मलाही त्या नळीतून घालून बघ," सासू म्हणाली.

आणि अशात अर्पीला पहिला दात आला.

दात आला म्हणजे गहू शिजवायचे, बायका बोलवायच्या. पोराला मधोमध बसवून डोक्यावर पांढरा रुमाल पसरायचा आणि वरून गहू ओतायचे, म्हणजे बाकीचे दात दाण्यांसारखे सुखाने येतात. समोर हत्यारं नि वस्तू मांडायच्या. पोर जी उचलेल तो त्याचा धंदा. ज्या वयात लेकरू दिसेल ते तोंडात कोंबतं, नेमक्या त्याच वयात त्याच्यापुढे घरभरचं बारीकसारीक सामान मांडायचं, अशी ही आमची रीत. जिने काढली तिला दंडवत.

वेर्झिनने ताट सजवलं होतं. नाझेली नळी घेऊन आली आणि तिने एकेक वस्तू पारखायला सुरुवात केली. अंगठी बाद. नाणं बाद. शिवताना बोटात घालायचं शिंप्याचं टोपण बाद. गव्हातले बदाम नि साखरफुटाणेही तिने निवडून काढले.

"ते टोपण माझ्या आईचं आहे," वेर्झिन म्हणाली. "कत्तलीच्या वेळी मराश गावाहून पळताना तिने बरोबर आणलं होतं. तुझ्या नळीला काय कळतं त्यातलं?"

"ते कपाटावर मानाने ठेवा, आई. पोरीपुढे नाही." आणि तिने ताटात लाकडी हातोडा, जाडजूड पुस्तक, पोळ्यांचं लाटणं आणि खालच्या चांभाराकडून मागून आणलेला बुटाचा साचा मांडला.

"हे काय, भंगारवाल्याचं दुकान?" शेजारची आझनिवबाई म्हणाली. बायका हसल्या. नाझेलीही हसली, पण तिने काही हलवलं नाही.

रुमाल पसरला. गहू ओतले. रुमालाखालून अर्पीचा हात बाहेर आला, इकडेतिकडे चाचपला आणि काहीतरी चमकतं उचलून आत गेला.

"टोपण उचललं," आझनिवबाई टाळ्या पिटत म्हणाली. "शिंपीण होणार गं तुझी नात." सगळ्या टाळ्या वाजवू लागल्या. वेर्झिनचा चेहरा फुलला. नाझेलीची पाठ वळली असताना वेर्झिननेच ते ताटाच्या कडेला सरकवलं होतं.

नाझेलीला टाळ्यांच्या खाली एकच गोष्ट ऐकू आली. रुमालाखाली आवाज नव्हता. अर्पी गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

तिने रुमाल ओढून काढला. पोरीचं तोंड उघडं, डोळे मोठे, ओठ काळेनिळे. नाझेलीने तिला पालथं घातलं, डोकं खाली, हनुवटीला हाताचा आधार, आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळव्याने जोरात मारलं. मारलं. पुन्हा मारलं. कोणीतरी "अगं, मरेल ती" म्हणालं. चौथ्याला टोपण गव्हात पडलं आणि अर्पीने जो सूर लावला तो खालच्या चांभारापर्यंत गेला.

मग आझनिवबाईच म्हणाली, "आईने लक्ष ठेवायला हवं बाई."

"मी ठेवलं," वेर्झिन म्हणाली. "म्हणजे ते टोपण. मीच ठेवलं."

बार्केव दारात उभा होता. नाझेली त्याच्याकडे वळली. रडणाऱ्या अर्पीला तिने त्याच्या हातात दिलं.

"आज मी मेजावर नव्हते, बार्केव. हातभर अंतरावर होते. तरी गेलं. तेव्हा मेजाला दोष देऊ नकोस. सोमवारी मी कामाला बसणार आहे."

"आणि पोरीकडे कोण बघणार?"

"तिची आजी."

वेर्झिनने मान हलवली. "माझ्याकडे नको देऊस. मला आता नाही जमायचं."

"जमेल." नाझेलीने दिवाणावरची उशी उचलून सासूच्या मांडीवर पालथी ठेवली. "डोकं इकडे, खाली. हा हात हनुवटीला. आता मारा."

वेर्झिनने उशीवर हलकेच थोपटलं, जशी ती अर्पीला झोपवताना थोपटायची.

"असं नाही. लागलं तरी चालेल. जोरात."

वेर्झिनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने हात उचलला आणि सगळी ताकद लावून मारलं. उशीतून धूळ उडाली.

"पुन्हा," नाझेली म्हणाली. "आझनिवबाई, तुम्ही पण या. दुसरी उशी घ्या."