पॅचखालची दोन नावं

"डेस, मेरेओनीने पाठवलेली दुरुस्ती, तो पॅच, परत पाठवलास? चौथ्यांदा?" आमची बॉस नोलाने माझ्या टेबलाशी येऊन विचारलं.

"ओळीच्या शेवटी रिकामी जागा सुटली होती."

"ती कुणाला दिसते तरी का?"

"मला दिसते."

"बरं. सोमवारपासून पॅच मंजूर करायचा अधिकार मेरेओनीलाही देतेय. ऐकून ठेव."

होबार्टच्या या ऑफिसात भरती-ओहोटीचे तक्ते काढणारा प्रोग्राम एकोणीस वर्षं मी सांभाळतोय. माझ्या नावाशिवाय त्यात एक ओळ जात नसे. आणि तिकडे फिजीत, सुवाहून काम करणारी ही मुलगी दीड वर्षात माझ्या बरोबरीला येऊन बसणार! माझ्या पोटात दुखत होतं, खोटं कशाला सांगू?

तिने धरलेली चूक मात्र अस्सल होती. छापणाऱ्या फंक्शनला आकडे फक्त वाचायला दिलेले. कोडमध्ये 'कॉन्स्ट' लिहिलं म्हणजे आकड्यांना हात लावणार नाही असा शब्दच दिला. कुणीतरी आत जाऊन तो शब्द मोडला होता आणि आकडेच बदलले होते. तोच तक्ता पुन्हा छापला, की भरती अर्धा मीटर वर.

पाचव्या खेपेला खोट काढायला काही उरलं नव्हतं. मग दिसलं, चूक मुळात कुणाच्या पॅचने आली ती ओळच तिने लिहिली नव्हती. आमच्याकडे ती नावासकट लागते. सापडलीस, म्हणत मी जुन्या नोंदी उघडल्या.

चौदा वर्षांपूर्वीचा शुक्रवार. डेसमंड पेथरिक. कोडमधल्या चुका दाखवणारा कंपायलर त्या ओळीवर कुरकुरत होता. त्याचं तोंड बंद करून मी मासे धरायला गेलो होतो.

मी तिला फोन लावला. "ती ओळ विसरलीस?"

"नाही," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी बघितलं होतं. थोरल्या माणसाची चूक चारचौघांत कशी वाचून दाखवायची?"

हेवा गेला नाही. उलट वाढला. मनाच्या मोठेपणातही ही पोरगी माझ्या पुढेच!

मी ती ओळ स्वतः टाइप केली. मूळ चूक: डेसमंड पेथरिक. खाली नेहमीची ओळ. तपासलं: डेसमंड पेथरिक.

माझ्याच ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा राहिली होती. ती पुसली आणि पॅच मंजूर केला.