पाच गावांची संमती

पाच गावांना जोडणाऱ्या जलद बसचा आराखडा तिने पहिल्यांदा काढला, तेव्हा तो अगदी साधा होता. एक जवळजवळ सरळ रेषा, तिच्यावर मोजकी स्थानकं, आणि सगळ्या लांबीला फक्त बससाठी राखलेली मार्गिका. परिवहन कार्यालयात ती नियोजक होती. हा मार्गिका शब्द तिच्या तोंडी इतका बसला होता, की सहकारी तिला पाठीमागे ‘मार्गिकाबाई’ म्हणत. पुढे तोंडावरही म्हणू लागले. तिने ते चालवून घेतलं.

पैसा विकास निधीतून यायचा होता. निधीवाल्यांची अट एकच, पण चिवट: रस्त्याच्या वापरात कुठलाही बदल करायचा, तर पाचही नगरपालिकांची लेखी संमती हवी.

“सह्याच तर आणायच्यात,” तिचे साहेब म्हणाले. “फिरून या एकदा.”

ती फिरली. फिरतच राहिली. पहिल्या गावाने रुग्णालयापाशी स्थानक मागितलं, ते रास्तच होतं. मग नगराध्यक्षांच्या मेव्हण्याच्या हॉलपाशीही मागितलं. दुसऱ्या गावाला बस तळ्याला वळसा घालून न्यायची होती, कारण तळं सुंदर आहे आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. तिसऱ्याने स्थानकावर घुमट मागितला. चौथ्याने काहीच मागितलं नाही. दर वेळी ‘विचार चालू आहे’ एवढंच कळवलं. वर्षभरात ती रेषा पिळून टाकलेल्या चादरीसारखी दिसायला लागली. वेळेचं गणित पुन्हा मांडून बघितलं, तर जलद बस सध्याच्या बसपेक्षा उशिरा पोचत होती.

“वेळेचा रकाना काढून टाका,” साहेबांनी शांतपणे सुचवलं. “तिथे ‘प्रवासाचा आनंद’ लिहा.”

पाचवं गाव सगळ्यात अवघड निघालं, कारण तिथली नगराध्यक्षा तिची धाकटी नणंद होती. रविवारी ती भावाकडे जेवायला आली आणि पहिल्या घासालाच विषय निघाला.

“वहिनी, बस मला हवीच आहे. भाषणात सांगून बसलेय मी. फक्त ती मार्गिका तेवढी नको. बाजाररस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या लागतात, त्या कुठे जातील?”

“मार्गिका नसेल तर ती आत्ताचीच बस, वेगळ्या रंगाची.”

“मग रंग चांगला निवड की!”

“वन्सं,” मार्गिकाबाई म्हणाली. हा शब्द ती फक्त चिडल्यावर वापरायची. “तुमच्या त्या रस्त्यावर बसमधली माणसं घामाघूम होऊन ताटकळतात आणि रिकाम्या मोटारी ऐसपैस उभ्या असतात.”

“रिकाम्या असल्या तरी त्यांचे मालक मत देतात. दादा, तू तरी सांग हिला!”

दादाने ताटातून मान वर केली नाही. “मी सायकलने जातो,” तो म्हणाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत निधीच्या मुख्य अधिकारी बाई पाहणीला येणार असल्याचं पत्र आलं आणि साहेबांचं धाबं दणाणलं. पाहुण्या वाहतुकीत अडकल्या, वैतागल्या, म्हणजे पैसा गेला. साहेबांनी भराभर फोन फिरवले. पाहणीच्या दिवशी पहाटेपासून वाहतूक पोलीस कामाला लागले. पहिल्या गावापासून पाचव्यापर्यंत रस्त्याची एक बाजू मोकळी झाली. उभ्या मोटारी ओढून नेल्या, हातगाड्या गल्लीत सरकल्या, आणि केशरी प्लास्टिकच्या कोनांची लांबच लांब रांग लागली. वर्षभर पाच गावांनी जे होऊ दिलं नव्हतं, ते एका मोटारीसाठी न्याहारीच्या आत झालं. मार्गिकाबाई ते बघत फुटपाथवर उभी राहिली. तिला हसावं की रडावं कळेना.

एक गोष्ट मात्र राहून गेली. नेहमीच्या बसच्या चालकांना कोणी काही सांगितलंच नाही. मोकळा रस्ता दिसला, पोलीसही सलाम ठोकायच्या तयारीत उभा दिसला, तेव्हा एका चालकाने बस सरळ आत घातली. तिच्यामागून दुसरी आली. पाहुण्यांची मोटार निघाली ती नेमकी या दोन बसच्या मागे.

मोटारीत साहेबांचा चेहरा पांढरा पडला. शेजारी नणंदबाई हार सांभाळत बसली होती, तिनेही डोळे वटारले. माहिती द्यायला म्हणून मार्गिकाबाईलाही पुढच्या सीटवर बसवलं होतं.

“या बस तुमच्या योजनेतल्या का?” पाहुण्यांनी विचारलं.

साहेबांनी मार्गिकाबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, “हो. चाचणी सुरू आहे.”

“वा! मग मला बसमध्ये बसायचंय.”

पुढच्या थांब्यावर सगळे बसमध्ये चढले. आत नुसता गोंधळ. एक आजी डुलकी काढायची ठरवून बसल्या होत्या. डोळा लागेपर्यंत त्यांचा थांबा मागे गेला होता आणि त्या वाहकाशी भांडत होत्या: “रोज इतका वेळ लागतो, आज कशी आली एवढ्यात?” मागच्या बाकावरची एक परिचारिका घड्याळाकडे टक लावून म्हणाली, “नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा वेळेआधी पोचतेय. मेट्रन मला ओळखणार नाही.”

पाहुण्या खूश होऊन गेल्या. संध्याकाळी साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला आणि कोन उचलायला सांगितलं.

“नाही उचलता येणार, साहेब,” मार्गिकाबाई म्हणाली.

“म्हणजे?”

“ठेवले ते पाहुण्यांच्या सुरक्षेसाठी, पोलिसांच्या अधिकारात. पण आता त्या बाजूने बस चालतात, आणि ते आपण निधीसमोर मान्य केलंय. कोन उचलले तर तो रस्त्याच्या वापरातला बदल होईल. पाचही गावांची लेखी संमती लागेल.”

 ती चेष्टा करते आहे असं साहेबांना वाटलं असावं. पण नियम काढून बघितला, तर तो तसाच होता. त्यांनी निमूटपणे पाच पत्रं सोडली. पहिल्या गावाने आधी हॉलपाशी स्थानक द्या म्हणून कळवलं. दुसऱ्याने समिती नेमली. तिसऱ्याने गावाचं नाव चुकीचं लिहिलंय म्हणून पत्र परत पाठवलं. चौथ्याचा विचार चालू होता. आणि बस धावत होत्या.

पाचव्या गावची नगराध्यक्षा तेवढी सही करून मोकळी झाली आणि ती सही घेऊन तावातावाने वहिनीच्या घरी आली. “दुकानदार माझ्या दारात बसलेत! फर्निचरवाला म्हणतो, गाडी दारात उभी राहत नाही तर लोक कपाट काय डोक्यावर नेणार?”

“त्याचं खरं आहे,” मार्गिकाबाई म्हणाली. “सामान उतरवायला मागची गल्ली मोकळी करून देऊ. पण बाकीच्यांचं काय?”

“बाकीचे कोण?”

“बसमधले.”

नणंदबाई सही घेऊन तशीच परत गेली. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत गेली, तर बसमधले तिथे आधीच येऊन उभे होते. जिन्यापासून फाटकापर्यंत माणसंच माणसं, आणि आघाडीला त्या भांडखोर आजी. “कोन काढलेत तर याद राखा,” आजींनी बजावलं. नणंदबाईने गर्दीचा अंदाज घेतला. तिची नजर या बाबतीत कधी चुकत नसे. ती जिन्यावर उभी राहिली आणि गहिवरल्या आवाजात म्हणाली, “ही मार्गिका माझं लहानपणापासूनचं स्वप्न होतं.”

एका गावाने टाळ्या मिळवल्यावर बाकीच्या चौघांनाही आपापलं लहानपण आठवलं. मार्गिका कायम ठेवण्यासाठी पाच सह्या पंधरवड्यात गोळा झाल्या. घुमट आणि तळं मात्र मागे पडलं.

निधीचा पहिला हप्ता आला. तो कोनांवर अभ्यास करायला आलेल्या तज्ज्ञांवर खर्च झाला. दुसऱ्यात पक्की मार्गिका बांधायला सुरुवात झाली. साहेबांना परिषदांमधून भाषणाची बोलावणी येऊ लागली, आणि मार्गिकाबाईला बढती मिळाली: मोटारी उभ्या करायच्या जागांचा विभाग. बातमी सांगायला ती नणंदेकडे गेली, तेव्हा नणंदबाई पोट धरून हसली, मग गंभीर झाली.

“बरं झालं. वहिनी, आता माझ्या गाडीला जागा शोध.”

“वन्सं,” ती म्हणाली, “घरापासून थांबा चार पावलांवर आहे.”