किडनी कुठं बसवायची?

माझ्या नवऱ्याच्या, वीरेंद्रच्या, दोन्ही किडन्या कामातून गेल्या आणि जबलपुरातल्या आमच्या अधारताल भागातला जो तो आम्हाला दवाखाना सुचवायला लागला. शेजाऱ्यांचा साडू दिल्लीत बरा झाला, म्हणून आम्हीही दिल्लीच गाठावी. बड्या फुहाऱ्याच्या बाजारात ब्लाउजपीस घ्यायला गेले, तर दुकानदारसुद्धा म्हणाला, "दीदी, अहमदाबाद ले जाओ भैया को." मी ब्लाउजपीस न घेताच परत आले. फुकटचे सल्ले ऐकले की माझं डोकं फिरतं, त्याला माझा इलाज नाही.

किडनी देणार होत्या माझ्या सासूबाई, कुसुमबाई. माझी जुळली नाही हे कळलं तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या. "माही घ्या ना," म्हणाल्या आणि पुढचा गोळा हातात घेतला. तपासण्या झाल्या, त्यांची जुळली आणि विषय तिथंच मिटला. आता ठिकाण तेवढं ठरायचं होतं. डायलिसिसवर वीरेंद्र वाळत चालला होता, त्यामुळे घाई होती. पण चुकून चालणार नव्हतं. एका टेबलावर नवरा, दुसऱ्यावर सासू, म्हणजे माझं सगळं घरच ऑपरेशनला जाणार होतं.

पहिला दवाखाना दूरच्या मोठ्या शहरातला. सगळीकडे काच, नुसता चकचकाट. डॉक्टरांनी वीरेंद्रला नीट तपासलं, माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. सासूबाईंना म्हणाले, "माताजी, आप बैठिए." मला तर तो दवाखाना आवडलाच होता.

मग नागपूरला गेलो. इमारत साधी, पण ऑपरेशनांचा अनुभव तितकाच, उत्तरंही तितकीच चांगली. वर जबलपूरहून सकाळी निघालं तर दुपारी पोचता येतं. ऑपरेशननंतर वर्षानुवर्षं तपासणीला यायचं, तर हे सोयीचं होतं. तरी माझं मन काचेतच अडकलं होतं. तेवढ्यात अवंतिका नावाची एक तरुण डॉक्टर आली. "मी फक्त किडनी देणाऱ्यांना बघते. पेशंटचे डॉक्टर वेगळे. मला काकूंशी एकटीनं बोलायचंय," असं म्हणून तिनं आमच्या तोंडावर दार लावलं.

"आत काय विचारून राहिली असेल?" वीरेंद्र म्हणाला.

आणि तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. सासूबाईंना मनापासून द्यायची आहे का, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. त्या नाही म्हणाल्या तर? या विचाराची मला भीती वाटली आणि लाजही वाटली.

आतून सासूबाईंचा आवाज चढला, "काहून विचारून राहिली तू मले?" मागोमाग दार उघडून त्या लालबुंद होऊन बाहेर आल्या.

"काय झालं आई?"

"म्हणते, मनात नसेल त आत्ताच सांगा. घरच्यांना आम्ही म्हणू, तुमची किडनी चालत नाही. कोणाले काही कळणार नाही. बापा! मी म्हटलं, पोरगा हाय तो माहा!"

माझा पारा चढलाच. "चला आई, आपण त्या मोठ्या दवाखान्यातच जाऊ."

"काहून? इथंच करू."

"अहो, तुम्ही तर रागावल्या ना?"

"रागावली त. पण नीलू, तिथं सगळे डॉक्टर वीरूचे होते. इथं एक माही हाय."

माझे डोळे भरून आले. वीरेंद्र खाली बघत म्हणाला, "आई, आम्ही पण विचारलं नाही तुले."

"विचारलं असतं त कानाखाली दिली असती." त्या बाकावर बसल्या, पदर सारखा केला. मग हळूच म्हणाल्या, "आता विचार."

वीरेंद्र त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "आई, देशील मले तुझी किडनी?"

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, दारात उभ्या असलेल्या त्यांच्या डॉक्टरकडे बघितलं.

"विचार करून सांगते," त्या म्हणाल्या, आणि आम्हा सगळ्यांच्या आधी स्वतःच खळखळून हसल्या.