कड्यावरचा कॅफे, पुठ्ठ्यातला

मी एक कॅफे बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, चहा मिळणार नाही. कॉफीही नाही. माझ्या स्वयंपाकघरात तुमची करंगळीसुद्धा मावायची नाही, कारण मी पुठ्ठ्याचा आहे. तिकडे कड्यावर जो खरा कॅफे उभा आहे ना, त्याच्या आधी मी जन्मलो. म्हणजे मानानं मी थोरला. पण थोरल्याला विचारतंय कोण!

मला बनवलं ठकीनं. ठकी इमारतींचे आराखडे करते. चांगली चाळिशी ओलांडलेली बाई आहे, पण तिच्या बाबांच्या तोंडी अजून ठकीच. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. दरवर्षी मुलांची पलटण घेऊन त्या कड्यावर जायचे. खाली खोल दरी, समोर धबधबा. मग एके दिवशी त्यांचं अर्धं अंग लुळं पडलं आणि ते चाकाच्या खुर्चीत आले. कड्याची वाट सगळी पायऱ्यांची. त्यानंतर बाबांनी कड्याचं नाव घेणंच टाकलं. टीव्हीवर डोंगर दिसला तरी म्हणायचे, "बदल ते."

अशात त्या परिसराची देखभाल करणाऱ्या समितीनं ठरवलं, कड्यावर पाहुण्यांसाठी कॅफे बांधायचा. आराखडे मागवले. ठकीनं मनाशी एकच ठरवलं होतं: बाबांना तिथं खुर्चीतून नेता आलं पाहिजे आणि खुर्चीतूनच दरीचा तळ दिसला पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

माझा जन्म झाला तो जेवणाच्या टेबलावर. कॉर्कचे थर एकावर एक चिकटवून तिनं कडा केला. कड्याच्या टोकावर नाही, त्याच्या मागच्या खोलगट जागेत मला बसवलं. टोकावर काही बांधायचं नाही, ते वाऱ्याचं आणि पाखरांचं. खोदताना निघेल तोच दगड भिंतींना, आणि काढलेली हिरवळ तशीच उचलून पुन्हा छपरावर. माझ्या छपरावर वाळलेलं शेवाळ आहे. छपरावरचं पाणी भांडी धुवायला साठवायचं. यायची वाट सपाट, एकही पायरी नाही.

आणि एक लांबलचक खिडकी. ती किती खाली घ्यायची हे ठरवायला ठकीनं बाबांच्या खुर्चीशेजारी मोजपट्टी धरली.

"डोळे मोजतेस की काय माझे?" बाबा म्हणाले.

"हलू नका हो बाबा!"

"हलता येतंय कुठं, ठके!"

दोघं पोटभर हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी असं हसलं होतं.

माझी मागची भिंत काढता येते. रोज सकाळी बाबा खुर्ची टेबलाला लावायचे, भिंत काढायचे, चष्मा सारखा करून माझ्या खिडकीतून पलीकडे बघत बसायचे. पलीकडे काय, तर कॉर्कचा कडा आणि त्यापुढे इस्त्रीचं टेबल! पण बाबांना ते दिसायचं नाही. "आज धबधब्याला जोर आहे," असं मला हळूच सांगायचे. कुणाला काय वाटेल ते वाटो, मी त्यांना कधी खोटं पाडलं नाही. खरं तर मलाही तो दिसावा असं फार वाटायचं.

समितीच्या बैठकीत मात्र आमची फजिती झाली. मला बुटक्या टेबलावर ठेवलं आणि सगळे भोवती उभे राहिले. वरून बघतात तर काय, नुसतं शेवाळ.

"कॅफे कुठंय?" एकानं विचारलं.

"हे तर जमिनीत गाडलंय," दुसरा म्हणाला. "लांबून दिसायला नको? दोन मजले करा, काचेचे. टोकावर."

अध्यक्षबाई भल्या होत्या, पण त्याही म्हणाल्या, "दोन मजली करून आणा, मग बघू."

दोन मजले म्हणजे जिना. म्हणजे बाबा खालीच.

घरी आल्यावर ठकीनं मला टेबलावर आपटलंच. ती उभ्या उभ्या रागानं माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला.

"अगंबाई! बाबा, आपण दोघांनी याला कधी उभं राहून बघितलंच नाही!"

खरंच होतं ते. बाबा खुर्चीत, ही त्यांच्याशेजारी स्टुलावर. इतके महिने मला दोघांनी बसल्या डोळ्यांनीच पाहिलं होतं. उभ्या माणसाला मी कसा दिसतो, हे त्या घरात कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पुढच्या बैठकीला ठकीनं दुसरा मजला नेला नाही, बाबांना नेलं. टेबलावर खोकी रचून मला उभ्या माणसाच्या डोळ्यांशी आणलं आणि मागची भिंत काढली. अध्यक्षबाई आधी वैतागल्या. मग त्यांनी नाकच माझ्यात खुपसलं.

"अहो, इकडे या," त्या बाकीच्यांना म्हणाल्या. "बसल्या बसल्या दरीचा तळ दिसतो हो!"

बाबा मागून म्हणाले, "मलाही दिसेल." एवढंच. दोन मजल्यांचं नाव मग कुणी काढलं नाही.

कॅफे बांधून होईपर्यंतचे दिवस माझे सुखाचे. बाबा रोज माझ्यापाशी. नंतर उद्घाटन झालं आणि ठकी त्यांना घेऊन गेली. संध्याकाळी परतले तेव्हा बाबांचे केस वाऱ्यानं विस्कटलेले, डोळे लाल. ठकीच्या आत्याचा फोन आला.

"काय काय दिसलं रे?" आत्या विचारत होती.

मी कान टवकारले. माझी खिडकी ती! मला कळायला नको?

"अगं... तू येच. मी नेतो तुला," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

आता ते दर आठवड्याला जातात. तिथल्या माणसांना त्यांची जागा ठाऊक झाली आहे. माझ्यापाशी कोण कशाला येईल? टेबलावर ठकीचं नवं काम आलं, मला फळीवर ठेवलं. छपरावर धूळ आहे. माझी खिडकी भिंतीला टेकलेली आहे.

राग नाही हो. बाबा तिथं जातात म्हणजे मी जिंकलो, एवढं कळतं मला. पण जीव तुटतो. तुमचं कधी जाणं झालं आणि त्या लांब खिडकीपाशी जागा मिळाली, तर बसा. शेजारी चाकाच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ असतील, त्यांना त्रास देऊ नका. नीट बघून घ्या आणि येताना या घरावरून या.

मला फक्त सांगा, काय दिसतं.