आत्याची चिमणी

आत्याला खोटं बोलता येत नसे. खोटं बोलायची वेळ आली की ती नको तेवढा तपशील द्यायची. परवा सकाळी तिच्या छोट्या भाचीने, ढमीने, सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आत्याने खिडकीतून पाखरू सोडलं!" तेव्हा आत्या घाईघाईने म्हणाली, "चिमणी होती गं वहिनी. करडी. चोचीत काडीसुद्धा होती." काडीची काही एक गरज नव्हती. पण वहिनी इस्त्री करत होती, दादा पायमोजा शोधत होता, आणि काडीमुळे चिमणी दोघांनाही पटली.

चिमणीला दात नसतात. हे आत्यालाही ठाऊक होतं. त्या दिवशी उजाडता उजाडता तिला जाग आली, तर ढमीच्या उशीवर, अगदी कानाशी, मुठीएवढं काळं काहीतरी सरपटत होतं. तिने टॉवेल टाकून ते धरलं. ते बारीक किंचाळलं, जबडा वासला, आणि तिने खिडकी उघडून टॉवेल बाहेर झटकला. ढमीला जाग आली ती खिडकीच्या आवाजाने. आत्याने आधी ढमीचा कान बघितला. काही नव्हतं. मग छताकडे बघितलं. माळ्याची झडप वीतभर उघडी होती, आणि ती उघडी ठेवणारी या घरात एकच व्यक्ती होती.

संसार मोडून आत्या भावाकडे आली तेव्हा ढमीच्या खोलीत तिची खाट मावली, सामान मावलं नाही. शिलाई मशीन, दोन पेट्या आणि चादरीत गुंडाळलेला आरसा माळ्यावर गेला. "तात्पुरतं," दादा म्हणाला होता. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, खोली खरंच लहान होती. पण दुपारी घर रिकामं झालं की आत्या शिडी लावून वर जायची, पेटीतल्या साड्या उलगडायची, पुन्हा घडी घालायची आणि खाली यायची. ढमीला तिचा पहिल्यापासूनच लळा होता, म्हणून एरवी आत्याचं बरं चाललं होतं. वहिनी तिला नुसतं 'अगं' म्हणायची. 'वन्सं' म्हणाली की समजावं, काहीतरी बिनसलंय. झडपेवरून ती एकदा म्हणाली होती, "वन्सं, ती झडप तेवढी लावत जा तुम्ही. धूळ येते."

आता चिमण्यांनी माळ्यावर घरटं केलंय म्हटल्यावर दादाने पाखरंवाल्याला बोलावलं. हा माणूस लोकांच्या छपरांतून पारवे, गांधीलमाश्या आणि काय काय बाहेर काढायचा, आणि सतत बडबडायचा. तासभर वर खुडबुड करून तो खाली उतरला, तेव्हा तोंडावरचा मास्क त्याने हनुवटीवर ओढला होता आणि हातमोज्यात कागदाचा तुकडा होता.

"चिमण्या कुणी सांगितल्या तुम्हाला?"

वहिनीने आत्याकडे बघितलं. आत्या शिडी धरून उभी होती.

"चिमणीची घाण पांढरी असते, चिकटून बसते. ही बघा." कागदावरची काळी लेंडी त्याने चिमटीत चुरली. तिचा भुगा झाला आणि भुग्यात किड्यांचे पंख चमकले. "वटवाघळं आहेत ताई. छपराच्या कडेला बोटभर फट आहे, तिच्या तोंडाशी तेलकट काळा डाग पडलाय. तिथूनच त्यांची ये-जा. गरीब असतात बिचारी, भाडं तेवढं देत नाहीत."

वहिनी हसली. "मग फट बुजवून टाका."

"आत असताना बुजवली तर आत मरतील, आणि नंतर वासाने तुम्ही. पिल्लं उडायला लागलीत, तेव्हा आजच बाहेरून जाळी लावतो. तिच्यातून बाहेर पडता येतं, परत आत शिरता येत नाही. सगळी गेली की मग बुजवू. घाण काढायची तर सामान मात्र आधी खाली आणा." तो शिडीची घडी घालू लागला आणि घालता घालता सवयीने म्हणाला, "खाली नाही ना उतरलं कधी एखादं? कुणी झोपलेलं असताना?"

"का हो?" वहिनीने विचारलं.

"उतरलं असेल तर डॉक्टरकडे जायला हवं. दात सुईसारखे. झोपेत चावलं तरी कळत नाही, खूणही दिसत नाही. सगळ्यांना नसतो रोग, पण एखाद्याला असतो. पिसाळलेल्या कुत्र्याचा असतो ना, तोच. वेळेवर सुया घेतल्या तर निभावतं. लक्षणं दिसल्यावर मात्र काही उपाय नाही."

"नाही बाई," वहिनी म्हणाली. "आमच्याकडे आली ती चिमणीच होती. चोचीत काडी होती तिच्या."

"मग झालं," म्हणून त्याने शिडी खांद्यावर घेतली.

पहिला विचार ढमीचा आला असं सांगता आलं असतं तर बरं होतं, पण आत्याला पहिला विचार स्वतःचाच आला: सांगितलं तर मी जाऊ कुठे? कानावर खूण नव्हती. बहुतेक काहीच झालेलं नसणार. मूग गिळून बसलं तर कुणाला काही कळणार नाही. पाखरंवाला दारापर्यंत पोचला. तेवढ्यात ढमी बाहेरून पळत आली, त्याची शिडी बघत उभी राहिली आणि कान खाजवू लागली. मुलं दिवसभर कान खाजवतच असतात. पण आत्या दोन पावलं पुढे झाली.

"वहिनी, चिमणी नव्हती ती," ती म्हणाली. "ढमीच्या उशीवर होतं. झडप मीच उघडी टाकली होती."

वहिनी ओरडली नाही. तिने ढमीला उचललं आणि चपला न घालताच रस्त्यावर रिक्षा शोधायला धावली.

दवाखान्यात डॉक्टरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "वेळेत आलात. सुया पूर्ण केल्या की घाबरायचं कारण नाही," त्या म्हणाल्या, आणि मग आत्याला म्हणाल्या, "सोडून दिलंत होय? डब्यात कोंडून आणलं असतं तर तपासता आलं असतं. कदाचित हिला टोचावंही लागलं नसतं." जबडा वासलेलं हातात धरलं होतं म्हणून आत्यालाही सुया घ्यायच्या होत्या. ढमीने भोकाड पसरलं, आणि आत्याचा हात धरल्याशिवाय ती दंड पुढे करेना. वहिनीने आपला हात पुढे केला होता, तो तिने मागे घेतला.

बाहेर बाकावर बसल्यावर वहिनी म्हणाली, "झडप राहिली, वन्सं, राहते माणसाच्या हातून. पण मी तुमच्यासमोर त्या माणसाला चिमणी सांगितली आणि तुम्ही ऐकून घेतलंत. तो निघाला होता हो." हे खरं होतं, आणि आत्या रडली तरी खरंच राहणार होतं.

संध्याकाळी जाळीतून एकेक वटवाघूळ बाहेर पडू लागलं. ढमी दंडावरची पट्टी मिरवत, अंगणात उभी राहून त्यांना टाटा करत होती.

आत दादाने नाकाला रुमाल बांधून माळ्यावरचं सामान उतरवलं आणि ओल्या फडक्याने पुसलं. मग त्याने ढमीची खाट ओढत ओढत आपल्या खोलीत नेली. ढमीची बाहुली तेवढी आत्याच्या उशाशी राहिली होती, तीही वहिनी येऊन घेऊन गेली.

"सुया होईपर्यंत आमच्याकडेच झोपू दे तिला," दादा म्हणाला. आत्याच्या नजरेला नजर न देता त्याने खाटेच्या जागी मशीन ठेवलं, शेजारी दोन्ही पेट्या लावल्या आणि आरसा भिंतीला टेकवला. सगळं चपखल बसलं.

"तात्पुरतं," तो म्हणाला.

तात्पुरतं म्हणजे किती, हे आत्याला चांगलंच ठाऊक होतं. तिने मान डोलावली, आणि उभं राहून छताची झडप नीट लागली आहे ना, ते बघितलं.